पांढऱ्या कोटातला जावई

आयर्लंडमध्ये नव्वदी ओलांडलेले एक आजोबा आहेत. त्यांच्यावर शेजारच्या गावाने एक संशय घेतलेला आहे आणि तो अजून मागे घेतलेला नाही. संशय असा, की हर्लिंग नावाच्या खेळाच्या राष्ट्रीय स्पर्धेच्या एका जुन्या हंगामात, उपांत्य सामन्यात, गोलच्या खांबाशी पंच म्हणून उभे असताना त्यांनी बाहेर गेलेला चेंडू आत गेला म्हणून निशाण फडकवलं. आणि तेही सासुरवाडीच्या संघासाठी. हे मी आधीच सांगून टाकतो, कारण मला ते कोणी सांगितलं नव्हतं, आणि न सांगितल्याचा परिणाम म्हणून कुवेतमधली निम्मी गाजरं मी एकट्याने खाल्ली.

निम्मी म्हणजे थोडं कमीच सांगतोय.

मी कुवेतमध्ये शुऐबा इथल्या एका पेट्रोकेमिकल कारखान्यात एक्स-रे वाचतो. माणसांचे नव्हे, पाइपांचे. दोन पाइप जोडले की त्या जोडाचा एक्स-रे काढतात आणि आम्ही तो उजेडाच्या पेटीवर लावून डोळे बारीक करतो: आत कुठे बुडबुडा आहे का, भेग आहे का, केसाएवढी काळी रेघ आहे का. प्रत्येक फिल्म दोघांनी वाचायची. आणि पहिल्याने काय निकाल दिला ते दुसऱ्याला सांगायचं नाही. सांगितलं की दुसऱ्याचे डोळे पहिल्याच्या तोंडाने बघायला लागतात. पहिला मी, दुसरा नाशिककर. त्याचं कुटुंब नाशिकला आणि जेवणं माझ्या घरी. आणि आमच्या दोघांवर आमचा आयरिश साहेब, ज्याला फिल्म वाचताना मी कधी पापणी हलवताना पाहिलं नाही. तो हसला की शेजारच्या प्लांटमधले लोक हेल्मेट घालून बाहेर पळायचे.

माझी बायको शहरात मिरकाब भागातल्या एका बँकेत आहे. दिवसभर संशयास्पद व्यवहार शोधायचे, हे तिचं काम. म्हणजे आमच्या घरात दोन माणसं संशय घेण्याचा पगार घेतात. आमच्याकडे दूधवाल्याने ‘गुड मॉर्निंग’ म्हटलं तरी त्यावर चर्चा होते.

तर ऑक्टोबर संपता संपता साहेब माझ्या टेबलापाशी आला, इकडे तिकडे पाहिलं, आणि हळूच म्हणाला, “शुक्रवारी तुझ्याकडे येऊ का? एक हंगाम दाखवायचा आहे. जुना. मी शाळेत होतो तेव्हाचा. जेवढे सामने टीव्हीवर आले आणि टिकले, तेवढे. दर शुक्रवारी एक.”

“माझ्याकडे का, सर?”

“तुझा टीव्ही मोठा आहे.”

माझा टीव्ही साहेबाने कधी पाहिलाच नव्हता.

“आणि एक अट आहे,” तो म्हणाला, “निकाल शोधायचा नाही. इंटरनेटवर नाही, कुणाला विचारून नाही. नाशिकवाल्यालाही बोलाव. मॅडमनाही बसायला सांग.”

घरी येऊन सांगितलं तशी बायकोने लाटणं खाली ठेवलं.

“अहो, कसला खेळ?”

“हर्लिंग.”

“तुम्ही कधी नाव ऐकलं होतं?”

“नाही.”

“मग तो तुम्हालाच का दाखवतोय?” तिने कणकेचा गोळा असा दाबला की मला साहेबाची दया आली. “ज्याला काही माहीत नाही अशा माणसाकडे कोणी काही घेऊन आलं, की आमच्याकडे सरळ लाल खूण करतात.”

नाशिककराचा सिद्धान्त निराळा होता. “राव, साहेब उन्हाळ्यात कायमचा घरी चाललाय. जाण्याआधी आपल्यातला एकच ठेवणार म्हणे. ही परीक्षा आहे.”

“कसली परीक्षा?”

त्याने माझ्या चष्म्याकडे बोट केलं. फिल्म वाचणाऱ्याची दरवर्षी डोळ्यांची तपासणी होते, आणि त्यात नापास म्हणजे इकाम्याची, म्हणजे इथे राहण्याच्या परवान्याची, मुदत संपेपर्यंत ट्रंकेत भांडी भरून मुलखाला निघायचं. मला झटकन उमगलं. लांबून, हलणारा, धुरकट, जुना चेंडू दाखवायचा आणि बघायचं कोणाला दिसतो! मी त्याच संध्याकाळी जमइयात गेलो. जमइया म्हणजे आमच्या भागाचं सहकारी भांडार. तिथली सगळी गाजरं घेतली. काउंटरवरच्या माणसाने विचारलं, घोडा पाळलाय का?

पहिल्या शुक्रवारी साहेब आला तो एका हातात हार्ड डिस्क आणि दुसऱ्या हातात एक काठी घेऊन. हॉकीची काठी आणि उलथनं यांचा संसार झाला असता तर त्यांना जे लेकरू झालं असतं, तशी ती काठी. टोकाला रुंद आणि चपटी. अ‍ॅश नावाच्या झाडाची. आमच्या इमारतीचा हारिस, म्हणजे राखणदार, जिन्यापर्यंत त्याच्या मागे आला होता आणि काठीकडे बघत उभा होता. मी दार लावलं तेव्हा तो दाराच्या फटीतूनही बघत होता, असा माझा दाट संशय आहे.

बायकोने गाजराची कोशिंबीर, गाजराचे पराठे आणि गाजराचा हलवा मांडला. साहेब म्हणाला, “तुमच्या राज्यात दुसरी भाजी पिकत नाही का?”

मग त्याने खेळ समजावला. दोन्ही टोकांना इंग्रजी एच अक्षरासारखे खांब. चेंडू आडव्या दांडीच्या वरून गेला तर एक गुण, खालून जाळ्यात गेला तर तीन. खांबाशी पांढऱ्या कोटातले पंच उभे. एक गुण झाला की पांढरं निशाण, तीन झाले की हिरवं. बाहेर गेला की हात दोन्ही बाजूंना पसरायचे. बस्स. त्यानंतर टीव्हीवर जे सुरू झालं ते पाहून माझ्या हातातला घास हातातच राहिला. प्रत्येक बाजूला पंधरा माणसं. डोक्यावर काही नाही. हातात ती उलथनी. चेंडू हवेत, उलथनी हवेत, निम्मे खेळाडू हवेत. विटीदांडूला विटीच्या ऐवजी शेजाऱ्याचं डोकं घ्यावं तसा प्रकार. एकाचा दात उडाला तो थेट टीव्हीच्या काचेवर येऊन आपटला. खोटं वाटत असेल तर काच दाखवतो.

“या लोकांना किती मिळतात?” बायकोने विचारलं.

“काही नाही,” साहेब म्हणाला. “सगळे हौशी. कोणी शेतकरी, कोणी शिक्षक. सोमवारी परत कामावर.”

“काहीच नाही?”

“चहा मिळतो.”

बायकोने माझ्याकडे पाहिलं. फुकट कोणी एवढं रक्त सांडतं, यावर तिचा अजिबात विश्वास बसला नव्हता.

दर शुक्रवारी सामना व्हायचा. मला एक गोष्ट पहिल्याच दिवशी खटकली होती आणि ती दर वेळी जास्त खटकत गेली. साहेब टीव्हीकडे बघायचा नाही. आमच्याकडे बघायचा. चेंडू खांबाकडे गेला की त्याची मान आमच्याकडे वळायची. मी मुद्दाम मोठ्याने ओरडायचो, “दिसला! दिसला! चेंडूवरची शिवणसुद्धा दिसली!” नाशिककर लगेच म्हणायचा, “मला तर शिवणीतला दोराही दिसला.” साहेब डोक्याला हात लावायचा.

पण खरं सांगायचं तर हळूहळू आम्हाला त्या खेळाने धरलं. निळ्या जर्सीवाले आवडू लागले, लालवाल्यांचा राग येऊ लागला. एका लालवाल्याचं तर मी टोपणनावही ठेवलं होतं, ते इथे लिहिता येणार नाही. शनिवारी सकाळी उठून मला निकाल शोधायची इच्छा व्हायची आणि मी फोन फ्रीजमध्ये ठेवायचो. नाशिककराने शोधला नसेल याची मला खात्री नव्हती, म्हणून एकदा मी त्याला मुद्दाम म्हटलं, “निळेच जिंकले म्हणे त्या वर्षी.” तो म्हणाला, “तुला कसं कळलं?” आणि दोन दिवस त्याने माझ्या वाचलेल्या फिल्म दोन दोनदा तपासल्या.

मग उपांत्य सामना आला. निळे आणि लाल. शेवटच्या क्षणापर्यंत बरोबरी. निळ्यांच्या एकाने लांबून चेंडू मारला. चेंडू उंच गेला, खांबाच्याही वर, आणि खांबाशी उभ्या असलेल्या पांढऱ्या कोटाने वाकून पांढरं निशाण उचललं. निळे एका गुणाने जिंकले. मी सोफ्यावर उभा राहिलो. नाशिककर माझ्या गळ्यात पडला. साहेब खोलीत नव्हताच. तो बाल्कनीत पाठ करून उभा होता.

“साहेब चेंडू मारायच्या आधीच बाल्कनीत गेला,” बायको रात्री भांडी लावताना म्हणाली. “काय होणार ते माहीत असणाराच माणूस आधी उठतो.”

“अगं, फोन आला असेल.”

“फोन टेबलावर होता.”

पुढच्या शुक्रवारी अंतिम सामना. निळे असे काही हरले की विचारू नका. मैदानातलं गवतसुद्धा प्रतिपक्षाला सामील झालं होतं. आमच्या घरात सुतक पसरलं. मग साहेबाने डिस्क परत मागे नेली. उपांत्य सामना. तो लांबचा चेंडू. चेंडू खांबाच्या वर असताना त्याने चित्र थांबवलं, खुर्ची ओढून टीव्हीला पाठ करून बसला, आणि म्हणाला,

“आत की बाहेर?”

झालं. हीच ती परीक्षा. अख्ख्या हिवाळ्याची गाजरं आता कामाला लावायची होती. पडद्यावर काय होतं? एक करडा ठिपका, एक पांढरी रेघ आणि भरपूर मुंग्या. मी जवळ गेलो, लांब आलो, चष्मा काढला, चष्मा घातला.

“आत!” नाशिककर ओरडला. साहेबाला ते आवडेल, हा त्याचा हिशेब.

मी धंद्यातलं उत्तर दिलं. “सर, फिल्म खराब आहे. या फिल्मवर जोड पासही करता येत नाही आणि नापासही करता येत नाही. परत एक्स-रे काढायला सांगायचं.”

साहेबाने खुर्ची टीव्हीकडे वळवली. मग म्हणाला, “तो पांढरा कोट माझा बाप आहे.”

आणि मग त्याने ते सगळं सांगितलं जे मी तुम्हाला आधीच सांगितलं आहे. साहेबाचं गाव नदीच्या अलीकडे. पुलापलीकडे लालवाल्यांचा जिल्हा. बाजार, दूध-डेअरी, चर्च, सगळं पलीकडे. आणि साहेबाची आई निळ्यांच्या जिल्ह्यातली. त्या एका निशाणानंतर पुलापलीकडच्यांनी वडिलांशी बोलणं टाकलं. सासऱ्यासाठी निशाण उचललं म्हणाले. आईच्या अंत्ययात्रेलाही कोणी पूल ओलांडला नाही. घरचे म्हणायचे चेंडू आत होता, कारण घरचे. पलीकडचे म्हणायचे बाहेर होता, कारण पलीकडचे. “मला असा वाचणारा हवा होता,” साहेब म्हणाला, “ज्याला पहिल्याचा निकाल माहीत नाही. आणि ज्याने अख्खा हंगाम पाहिलाय, नुसता तो एक चेंडू नाही. तिथे असा माणूस उरलेला नाही. वडिलांचं वय झालंय. त्यांनी मला विचारलं, तू आयुष्यभर भेगा शोधतोस, मग हे एवढं का नाही सांगत?”

मी नाशिककराकडे पाहिलं. 

“म्हणजे डोळ्यांची परीक्षा नव्हती?” मी विचारलं.

“कसली परीक्षा?”

नाशिककराने ताबडतोब गाजराचा हलवा तोंडात भरला.

बायको मात्र टीव्हीकडे बघत होती. “सर, ते मागून परत लावा.” चित्र चाललं. “हे बघा. निशाण उचलताना हा माणूस कोणाकडेही बघत नाही. समोरच्या पंचाकडे नाही, प्रेक्षकांकडे नाही. मी दिवसभर लबाड माणसं बघते. लबाड माणूस आधी शेजारी बघतो. आणि अजून एक. जावयाने सासऱ्यासाठी एवढं केलेलं माझ्या पाहण्यात तरी नाही.” हे शेवटचं वाक्य तिने माझ्याकडे बघून म्हटलं.

“पण चेंडू, मॅडम?”

“चेंडू बाहेर वाटतो. मला.”

साहेब हसला, पण त्या हसण्याने एकही हेल्मेट हललं नसतं. “परत एक्स-रे काढता आला असता तर बरं झालं असतं.”

आता इथे जे झालं ते जगात दुसऱ्या कोणीही केलं नसतं. ते फक्त फिल्म वाचणारे दोन इंजिनिअरच करू शकतात. नाशिककर हलवा गिळून म्हणाला, “का नाही काढता येणार? फिल्म खराब असेल तर परत काढायची, हा नियमच आहे. खांब किती उंच, पंच कुठे उभा, कॅमेरा कुठे, चेंडू कुठून आला, एवढंच लागतं. साहेब, चेंडू तुम्हाला मारता येतो ना?”

साहेबाने काठीकडे पाहिलं.

पुढच्या शुक्रवारी सकाळी, थंडी चांगली कडकडीत असताना, आमच्या इमारतीमागच्या मोकळ्या वाळूत दोन उंच पाइप उभे राहिले. बाजूच्या बांधकामाच्या मुकादमाला विचारून आणले होते. त्याला आम्ही कारण सांगितलं, तेव्हा त्याने पाइप दिले आणि आपल्या माणसांना आमच्यापासून लांब राहायला सांगितलं. पंच मी. पांढरा कोट नव्हता म्हणून मेहुण्याच्या लग्नातला पांढरा झब्बा घातला. हातात लाटण्याला बांधलेला पांढरा रुमाल. साहेबाचे वडील जिथे उभे होते तिथे, खांबाच्या पायथ्याशी, नाशिककराने मला मापं घेऊन उभं केलं. बायको बाजूला, जिथे कॅमेरा होता त्या बाजूला, एका उलट्या बादलीवर. तिच्या हातात फोन आणि फोनमध्ये आजोबा. नुसतं कपाळ आणि भुवया दिसत होत्या. त्यांचं इंग्रजी इतकं जाड होतं की साहेबाला त्याचं इंग्रजीतून इंग्रजीत भाषांतर करावं लागत होतं.

हारिस आला. “एह दा?” तो म्हणाला. हे काय आहे? त्याने माझा झब्बा पाहिला, लाटणं पाहिलं, काठी घेतलेला लालबुंद माणूस पाहिला. त्याने फोन खिशातून बाहेर काढला, मग काय वाटलं कोण जाणे, परत आत ठेवला आणि हाताची घडी घालून तिथेच उभा राहिला.

साहेबाने चेंडू हवेत सोडला आणि मारला. पहिला शेजारच्या इमारतीच्या पाण्याच्या टाकीवर गेला. दुसरा सौदी अरेबियात. तिसऱ्यानंतर हात बसला. माणूस साठीचा, पण काठी अशी फिरली की वाळू उठली. चेंडू उंच, खांबाच्या टोकाच्याही वर.

मी खालून बघत होतो. आणि तेव्हा मला कळलं की खांब एका ठिकाणी संपतो. त्याच्या वर खांब नसतोच. वर नुसतं आकाश. पंचाने तो खांब मनातल्या मनात आकाशात वाढवायचा आणि त्या नसलेल्या खांबाच्या कुठल्या बाजूने चेंडू गेला ते सांगायचं. आणि मागे वळून विचारायला वेळ नसतो. मला चेंडू आत दिसला. स्वच्छ आत. माझा हात आपोआप वर गेला.

“बाहेर!” बायको बादलीवरून ओरडली.

“आत!”

“अहो, बाहेर गेला! मी इथून बघतेय ना!”

“तू तिथून बघतेयस! मी खांबाला चिकटलोय!”

“चिकटलाय म्हणूनच दिसत नाही तुम्हाला!”

“तुला मी सांगतो, माझ्या डोळ्यांनी...”

“डोळ्यांचं नाव काढू नका! अख्खा हिवाळा गाजरं खाल्लीत ना?”

नाशिककर दोघांच्या मध्ये उभा राहून दोन्हीकडे मान डोलावत होता. शेजारच्या बाल्कन्यांमध्ये लोक जमले. फोनमधून आजोबांचा आवाज आला. काय भांडतायत ते?

“ती म्हणते बाहेर,” साहेब फोनजवळ जाऊन म्हणाला. “तो म्हणतो आत.”

“ती कुठे उभी आहे?”

“पलीकडच्यांच्या बाजूला.”

“आणि तो?”

“तुमच्या जागी.”

फोनमधल्या भुवया वर चढल्या. वाऱ्याने पाइप वाजत होते. इतक्यात आजोबा काहीतरी म्हणाले आणि त्यांना खोकल्याची अशी उबळ आली की मला वाटलं, झालं, आपण म्हाताऱ्याला मारलं. पण तो खोकला नव्हता. हसू होतं.

“काय म्हणाले?” मी ओरडलो.

साहेबाने भाषांतर केलं. “विचारतायत, त्याची सासुरवाडी कुठली?”

“सातारा!” बायको फोनमध्ये ओरडली. “आणि माझ्या वडिलांसाठी यांनी आजवर एक निशाण उचललेलं नाही, आजोबा!”

हे साहेबाने भाषांतर केलं नाही. त्याने आमच्याकडे पाठ केली होती आणि वाकून वाळूत चेंडू शोधत होता. मी सांगणार होतो की चेंडू त्याच्या बुटाशीच पडलाय. नाशिककराने माझ्या झब्ब्याची बाही ओढली. मग आम्ही तिघंही इकडे तिकडे चेंडू शोधू लागलो, हारिससुद्धा, आणि फोनमध्ये आजोबा सांगत होते की वारा त्या दिवशी डावीकडून होता, तेवढं लक्षात घेऊन परत एकदा मारा.